अमिरांची घरे कुठे गेली?

बीदरच्या चौबाऱ्यापासून किल्ल्याकडे जाणारा रस्ता म्हणजे बहमनी राजधानीची दरबारी वाट. अहमदशहा वलीने 15 व्या शतकात गुलबर्ग्याहून गादी इथे आणली. इराणातून, गीलान-किरमाणहून आलेले आफाकी आणि इथे मुरलेले दख्खनी असे अमिरांचे दोन तट पडले, आणि एकमेकांचे पाय ओढण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. या रस्त्यावर आज मदरसा आहे, तख्त-ए-किरमाणीची कमान आहे, आसपास सूफींचे मठ, म्हणजे खानकाह, आहेत. अमिरांच्या देवड्या, म्हणजे वाडे, मात्र शोधावे लागतात.

प्राग शहरात राजवाड्याखालच्या माला स्त्राना या पेठेत उलटे घडले. तिथे सरदारांचे वाडेच्या वाडे उभे आहेत. वालेनस्टाइन या सेनापतीला राजद्रोहाचा ठपका ठेवून 1634 मध्ये ठार मारले, त्याची मालमत्ता जप्त झाली. पण वाडा राहिला, आणि आज त्यात चेक संसदेचे वरिष्ठ सभागृह भरते. म्हणजे मालक मेला तरी वाड्याला पुढचा धनी मिळत गेला.

बीदरमध्ये ती सोय नव्हती. अमिराची जहागीर सुलतानाच्या मर्जीवर. मर्जी फिरली की घराचे वासे फिरले. त्यात राजधानीच निघून गेली. बहमनींच्या जागी आलेली बरीदशाही 1619 मध्ये विजापूरने गिळली, 1657 मध्ये औरंगजेब आला, पुढे निजामाच्या राज्यात सगळा थाट हैदराबादला. ओस देवडीचे दगड शेजारच्या घराच्या पायात जायला किती वेळ लागतो? आपल्याकडच्या गढ्यांचे काय झाले ते आपण पाहतोच.

टिकले ते बहुधा स्वतःच्या कुटुंबासाठी न बांधलेले. महमूद गवान या आफाकी वजिराने 1472 मध्ये मदरसा पुरा केला. 1481 मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. फरिश्ता सांगतो, की खजिना तपासला तर फारसे काही हाती लागले नाही. पुढे मोगली अमलात दारूच्या स्फोटाने मदरशाचा एक मनोरा आणि दर्शनी भाग कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावर रंगीत फरशांची नागमोडी नक्षी अजून तुकड्यातुकड्यांनी दिसते.

मराठी माणसाच्या मनातले बीदर तर याहून वेगळेच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटवली आणि विठू महार होऊन पांडुरंगाने बीदरला पैसे भरले, ही कथा आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. त्या दरबारातल्या एका तरी अमिराचे नाव सांगा म्हटले, तर आपण गप्प.

आणि अमिरांच्या हुक्क्याची भांडी, पानदाने घडवणारे? ते इथेच राहिले. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतायचे, नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकायची, मग किल्ल्यातली माती आणि नवसागर लावायचा. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच राहते. माती योग्य आहे की नाही, हे जाणते कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. 2006 मध्ये या बिदरी कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. हुक्का गेला, तसे गिऱ्हाईक बदलले: हल्ली सत्काराची स्मृतिचिन्हे आणि पेन ड्राइव्हची आवरणेही बिदरीत निघतात. खानदानी रसिकांना ती आवडली नसती. पण मजुरी आता त्यांच्याकडून यायची नाही.