वाढत्या अंगाचे कपडे

थोर नैतिक प्रश्नांची चर्चा ग्रंथांतून होते. मध्यम स्थितीतल्या कुटुंबाची नीती मात्र बहुधा दुकानाच्या गल्ल्यापाशी ठरते. दिवाळीच्या तोंडी कोल्हापुरात महाद्वार रोडवर जो कोणी अर्धा तास उभा राहील, त्यास याचा प्रत्यय आल्याखेरीज राहणार नाही. एकाच मापाचे दोन सदरे समोर उलगडलेले असतात. एकाची किंमत चारशे रुपये, दुसऱ्याची दोन हजार. आई मुलाच्या तोंडाकडे पाहते, वडील खिसा चाचपतात, आणि दुकानदार त्या दोघांच्या मुद्रांकडे पाहून कोणता सदरा पुढे सरकवावा हे ठरवितो. पाच-दहा मिनिटांत निकाल लागतो. परंतु त्या निकालात वात्सल्य, अभिमान, काटकसर, शेजाऱ्यांची भीती व स्वतःच्या बालपणाची आठवण इतक्या गोष्टी एकवटलेल्या असतात, की तो निव्वळ खरेदीचा व्यवहार आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. मुलांच्या महाग कपड्यांत घातलेला पैसा कारणी लागतो काय, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

आपल्या भाषेत ‘किंमत’ आणि ‘मोल’ असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतील भेद येथे फार उपयोगी पडतो. किंमत दुकानदार चिठ्ठीवर लिहून ठेवतो. मोल मात्र वस्तू वापरणाराच्या आयुष्यात तिचे काय होते यावरून ठरते. प्रौढ माणसाच्या कोटाचे मोल ठरविणे त्या मानाने सोपे असते. कोट दहा वर्षे टिकला तर दहा वर्षे अंगास येतो. मुलाची गोष्ट निराळी. जन्माच्या वेळी मुलाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते. वर्ष भरते तोच ती ७५ च्या घरात जाते. दुसऱ्या वर्षी आणखी सुमारे १२ सेंटिमीटरांची भर पडते. आणि पुढेही, वयात येईपर्यंत, वर्षाकाठी पाच-सात सेंटिमीटर वाढ होतच राहते. म्हणजे कापड विरण्यापूर्वीच मूल कपड्यातून बाहेर पडते. टिकाऊपणा हा महाग वस्तूचा नेहमीचा बचाव. पण जो कपडा आठ महिन्यांत आखूड व्हायचा, त्यास आठ वर्षांचे आयुष्य घेऊन काय करायचे?

आमच्या मागच्या पिढ्यांनी हे कोडे आपल्या परीने सोडविले होते. शिंप्याकडे कापड टाकताना ‘वाढत्या अंगाचे शिवा’ एवढेच सांगावे लागे. तो बाह्यांत आणि खालच्या दुमडीत चार बोटे कापड जास्त ठेवी, पोरगे पहिले वर्ष ढगळ सदऱ्यात काढी, आणि पुढील वर्षी दुमड उसवली की तोच सदरा पुन्हा मापाचा होई. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर याहूनही मौजेची रीत होती. घरातील सर्वांत नाजूक अंगास घरातील सर्वांत जुने कापड लावीत. पुष्कळ धुण्यांनी मऊ झालेले धोतर किंवा लुगडे फाडून त्याची दुपटी व झबली शिवीत. नवी, जरीकाठी कुंची असलीच तर ती बारशाच्या दिवसापुरती. यात दारिद्र्याचा भाग होता हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कोणते कापड कोणत्या अंगास हितकर, याचे नेमके ज्ञानही त्यात होते, आणि त्या ज्ञानाचा किमतीशी काडीचाही संबंध नव्हता.

जास्तीच्या पैशात आपण नक्की काय विकत घेतो हे आता पाहू. चारशे आणि दोन हजार यांच्या दरम्यान काही अंतर खरोखर गुणाचे असते. लांब तंतूच्या कापसाचे, विंचरलेले सूत अधिक मऊ व बळकट होते. दुहेरी टिपेची शिलाई ओढाताणीत उसवत नाही. आधीच आटवून घेतलेले कापड पहिल्या धुण्यात आखडत नाही. पक्का रंग शेजारच्या पांढऱ्या कपड्यावर उतरत नाही. या गोष्टींस पैसे पडतात, व ते देणे योग्यच आहे. परंतु कापसापासून कपड्यापर्यंतचा प्रवास ज्यांच्या अंगणातून जातो, त्या आम्हां कोल्हापूरकरांस हेही ठाऊक असावयास हवे, की या गुणांचा खर्च दोन हजारांपर्यंत जाऊन पोहोचत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. १९०६ साली शाहू छत्रपतींनी खुद्द कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. ती गिरणी आज बंद आहे. इचलकरंजीचे माग मात्र चालू आहेत. ज्या वळिवड्याच्या छावणीत महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, पोलंडचे निर्वासित राहिले, तेथेच फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि त्यांच्या उद्योगातून गांधीनगरची घाऊक कापडपेठ उभी राहिली. त्या पेठेत एकदा फेरी मारून मग शहरातील झगमगीत दुकानात शिरावे, म्हणजे किमतीचा केवढा भाग कापडाचा आणि केवढा भाग काचेच्या तावदानाचा, जाहिरातीचा व नावाचा असतो याचा अंदाज येतो.

थोडा हिशेब मांडू. समजा, चारशे रुपयांचा सदरा एका मुलाने चाळीस वेळा घातला; प्रत्येक वेळेस दहा रुपये पडले. आठशेचा बळकट सदरा एकापाठोपाठ तीन मुलांनी चाळीस-चाळीस वेळा घातला, तर वेळेस सातांहूनही कमी पडतात. आणि दोन हजारांचा, केवळ समारंभास काढण्याचा सदरा लहान होण्यापूर्वी आठच वेळा अंगावर चढला, तर दर वेळेस अडीचशे! या हिशेबाचे तात्पर्य एवढेच, की मुलाच्या कपड्याचा टिकाऊपणा एकट्या मुलास उपभोगता येत नाही. तो अनेक मुलांत वाटला गेला तरच त्याचे मोल वसूल होते. थोरल्याचे धाकट्यास, धाकट्याचे मावसभावास, तेथून मोलकरणीच्या मुलास, ही साखळी ज्या घरात जिवंत आहे तेथे चांगला, थोडा महाग कपडा घेणे ही काटकसर आहे. जेथे ती तुटली आहे, तेथे तीच खरेदी उधळपट्टी ठरते. पूर्वी चार-पाच भावंडांमुळे ही साखळी आपोआप चाले; आता घरात एक किंवा दोन मुले, म्हणून ती घराबाहेर जोडावी लागते. गेल्या काही वर्षांत अनेक गावांत जी ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली, ती अशाच तुटलेल्या साखळीची सांधणी होय. मात्र तेथे ठेवण्याजोगा कपडा म्हणजे दुसऱ्याच्या मुलाने लाज न बाळगता घालावा असा. आपण टाकून दिलेला नव्हे.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्यातील अन्यायाकडे डोळेझाक करणे मात्र योग्य नाही. काटकसरीचा सारा भार धाकट्यावर पडतो. नवा वास, नवी घडी, आपल्याच मापाने बेतलेला गळा हे त्याच्या वाट्यास क्वचितच येते, आणि आपण या घरात दुसरे आहोत ही जाणीव त्यास कपड्यांतूनच प्रथम होते. यास्तव धाकट्यास वर्षातून निदान एक तरी कपडा केवळ त्याच्यासाठी घ्यावा. तो स्वस्त असला तरी चालेल. मुलास आपलेपणा हवा असतो, आणि चिठ्ठीवरील आकडा त्यास वाचता येत नाही.

मग तो आकडा वाचतो कोण? थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की संपत्तीचा मान मिळविण्यास ती नुसती असून भागत नाही. ती दिसावी लागते, आणि गृहस्थ ती स्वतः न मिरविता पुष्कळदा आपल्या कुटुंबातील माणसांच्या अंगावर मिरवितो. आमच्या लग्नसमारंभांत पाच वर्षांच्या पोरास शेरवानी चढवून जेव्हा मांडवात फिरविले जाते, तेव्हा त्या ग्रंथाची आठवण होते. पोरास घाम आलेला असतो, गळा टोचत असतो. कौतुक मात्र त्याच्या वडिलांस मिळत असते.

परंतु व्हेब्लेनचा उपहास येथेच पुरा मानला तर अन्याय होईल. त्याच्याही पूर्वी, १७७६ साली, ॲडम स्मिथने म्हटले होते, की तागाचा सदरा ही काही जिवंत राहण्यास आवश्यक वस्तू नव्हे. तरीही आपल्या काळच्या मजुरास तो नसेल तर चारचौघांत वावरण्याची लाज वाटेल, म्हणून त्यास गरजेची वस्तूच मानले पाहिजे. हे फार शहाणपणाचे बोलणे आहे. लाज ही खरी वेदना आहे, आणि मुलाची लाज प्रौढाच्या लाजेहून अधिक खरी; कारण तिला तत्त्वज्ञानाचा आधार नसतो. शाळेच्या गणवेशाचे सर्वांत मोठे पुण्य हेच, की तो ही लाज दिवसातून सहा तास तरी झाकतो. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत एका मुलास वर्षाच्या दोन गणवेशांकरिता ६०० रुपयांपर्यंत तरतूद ठरविण्यात आली. म्हणजे शासनाच्या हिशेबी लज्जारक्षणास तीनशे रुपये पुरतात. पण शाळाच जेव्हा ‘रंगीत कपड्यांचा दिवस’ ठरविते, तेव्हा वर्षभर झाकलेली विषमता ती एका सकाळी उघडी करते. अशा दिवशी आपल्या मुलास वर्गातील सर्वांत महाग कपडा घालून पाठविणारा पालक दुसऱ्या एका मुलाच्या लाजेत भर घालीत असतो. त्याचा हेतू तसा नसतो; परिणाम तोच असतो.

पुरेसे कोठे संपते आणि अधिक कोठे सुरू होते, ही रेषा शासनानेही आपल्या परीने ओढून पाहिली आहे. १ जुलै २०१७ पासून तयार कपड्याच्या नगास हजार रुपयांपर्यंत शेकडा ५, व त्यापुढे शेकडा १२ कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती सीमा अडीच हजारांवर गेली व तिच्यापुढचा दर शेकडा १८ झाला. इंग्लंडने निराळा मार्ग धरला: तेथे १९७३ पासून लहान मुलांच्या कपड्यांवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे, किंमत विचारात न घेता मापच विचारात घेतले जाते. आमच्या कायद्याने पैशाकडे पाहिले, त्यांच्या कायद्याने मुलाकडे. दोन्हींत तथ्य आहे. पण घरातील रेषा कायद्यास ओढून देता येणार नाही, ती ज्याची त्याने ओढावयाची असते.

ती ओढताना आमच्या मते सर्वांत आधी मुलाच्या खेळाचा विचार व्हावा. महाग कपडा अंगावर चढताच मूल त्या कपड्याचे राखणदार बनते. ‘मळवू नकोस’, ‘खाली बसू नकोस’, ‘डाग पडेल’ अशा आज्ञांची माळ त्याच्या मागे लागते. मातीत बसणे, झाडावर चढणे, रंकाळ्याच्या काठी पळापळ करणे हे ज्याचे काम, त्यास दोन हजार रुपयांची जोखीम सांभाळण्यास लावणे ही चमत्कारिक बक्षिसी होय. मुलींच्या बाबतीत तर हा जाच अधिकच. त्यांचे महाग झगे बहुधा झालरींचे, बिनखिशांचे, टोचणाऱ्या अस्तराचे असतात. ते नेसवून आपण त्यांस लहानपणीच गप्प बसण्याचा आणि पाहिले जाण्याचा धडा देतो. मुलीस झगा घेताना त्यास खिसा आहे काय व तो घालून तिला धावता येते काय, हे दोन प्रश्न विचारले तर पुष्कळ महाग झगे दुकानातच राहतील.

येथे कोणी म्हणेल, की स्वस्त कपडा घेणे हेही पाप आहे, कारण तो कोणाच्या तरी पोटावर पाय देऊन स्वस्त झालेला असतो. हा आक्षेप हलका नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगला देशातील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसे मेली. त्यांत कपडे शिवणाऱ्या बायकाच बहुसंख्य होत्या. परंतु त्याच इमारतीत स्वस्त दुकानांचे कपडे शिवले जात आणि नामांकित, महाग दुकानांचेही. यावरून किंमत ही न्यायाची हमी नव्हे, हे उघड होते. शिवणाऱ्या हातास जास्त मिळावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याने आपल्या गल्लीतील शिंप्याकडे कापड टाकून त्याने सांगितलेली शिलाई घासाघीस न करता द्यावी. तेथे पैसा कोणाकडे जातो हे डोळ्यांस दिसते.

शेवटी उरतो तो वात्सल्याचा युक्तिवाद, आणि त्याची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. आज तिशी-चाळिशीत असलेल्या पुष्कळ आईबापांस लहानपणी वर्षातून एकदाच, दिवाळीस, नवा कपडा मिळाला. तोही भावाच्याच ठाणातला. आपल्या मुलास तशी वाट पाहावी लागू नये असे त्यांस वाटते, यात अहंकारापेक्षा करुणाच अधिक आहे. पण त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ते ज्या मुलास कपडा घेत आहेत ते मूल आता नाही. ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे आहे. समोर उभ्या असलेल्या मुलास तो अभाव ठाऊकच नाही, म्हणून त्याची भरपाईही त्यास कळत नाही. त्या जुन्या मुलासाठी क्वचित एखादा महाग सदरा घेण्यास आमची हरकत नाही. मात्र तो कोणासाठी घेतला हे घेणाराने स्वतःशी कबूल करावे, आणि मुलाकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवू नये.

तेव्हा कोठे खर्च करावा? कोल्हापुरात जूनच्या मध्यास शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होतात. रेनकोट गळका असेल तर स्वस्ताई तापात जाते, तेथे हात आखडू नये. पायाला लागणारा बूट, अंगाला घासणारे आतले कपडे, थंडीचा स्वेटर यांत चांगले ते घ्यावे. बाकी सदरे-झगे मऊ, सैल, धुण्यास सोपे व दुसऱ्यास देण्याजोगे असले म्हणजे पुरे. आणि वाचलेल्या पैशांतून मुलासाठीच काही घ्यावयाचे असेल तर त्याला आखूड न होणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. पोहण्याची शिकवणी आहे, पुस्तके आहेत, सुट्टीतला एखादा प्रवास आहे. त्या बाबतीत मात्र वाढत्या अंगाचे बेतावे, चार बोटे जास्तच ठेवून.