स्वस्त ताट कोणाच्या खर्चाने?



दोन महिन्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर एक तरुण दाराशी थांबला. भोकरदन तालुक्यातला, आपल्या जालन्यातल्या एका सळ्यांच्या कारखान्यात नुकताच लागलेला. आम्हाला वाटले, दाखला किंवा शिफारसपत्र हवे असेल. त्याने विचारले, "फादर, इकडे स्वस्तात जेवायला कुठं मिळतं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. आमचे जेवण मिशनच्या स्वयंपाकघरातून वेळेवर समोर येते. दहा वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माणसाला आपल्याच वसाहतीत राइस प्लेट काय भावाने मिळते हे माहीत नव्हते.

तेव्हा युवा मंडळाच्या दोघांना बरोबर घेऊन आम्ही तीन संध्याकाळ हिंडलो. 'जालना सोने का पालना' असे आपण अभिमानाने म्हणतो. जिल्हा झाला १९८१ मध्ये, महानगरपालिका २०२३ मध्ये. बियाण्यांनी आणि पोलादाने गावाला पैसा दिला, आणि शहर कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरून पसरत बाहेरच्या रस्त्यांवर आले. पण वसाहती वाढतात तेव्हा आधी प्लॉट पडतात, मग मेडिकल दुकान येते, मोबाइलचे दुकान येते. जेवणाची सोय सर्वांत शेवटी येते, कारण वसाहत आखणाऱ्याने गृहीत धरलेले असते की प्रत्येक घरात रांधणारी बाई आहे. एका खोलीत चौघे राहणाऱ्या बिहारच्या किंवा भोकरदनच्या पोरांचा त्या नकाशात विचार नसतो. रेशनचे धान्य २०२३ पासून मोफत झाले खरे, पण गहू दळायला गिरणी लागते, शिजवायला गॅस लागतो, आणि बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाच्या अंगात त्राण लागते.

आम्हाला काय सापडले? महामार्गालगत ढाबे, जिथे दोघांचे बिल आमच्या तरुणाच्या दिवसाच्या मजुरीइतके होते. वडापाव, पोहे, भजी यांच्या गाड्या: पोट भरते, पण महिनाभर त्यावर राहिलेला माणूस ओळखू येतो. आणि मग एक खानावळ, घरगुती, पाटी नसलेली. दोन वेळचे जेवण महिना २,६०० रुपये, रविवारी रात्री बंद. चार पोळ्या किंवा दोन भाकऱ्या, भाजी, वरण, भात, ठेचा. चालवणाऱ्या मावशी आपल्याच धर्मग्रामातल्या, विधवा, मदतीला मुलगी. त्यांनी हा मजकूर छापायला परवानगी दिली आहे, नाव तेवढे घालू नका म्हणाल्या. आम्ही खूश झालो. त्या तरुणाला तिथे लावून दिले आणि 'स्वस्त आणि मस्त' असे चारचौघांत सांगतही सुटलो.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सेमिनरीत लागलेली एक खोड आहे: एखादी वस्तू अपेक्षेपेक्षा स्वस्त दिसली की 'का?' असा प्रश्न मनात येतो. एका दुपारी आम्ही मावशींकडे बसलो आणि त्यांच्या मुलीने वही काढली. गिऱ्हाईक २२. महिन्याची जमा ५७,२०० रुपये. किराणा ३३,०००, भाजीपाला व दूध ८,०००, गॅस ५,५००, भांड्यांना येणाऱ्या बाईंचे ४,०००. उरले ६,७००. घर स्वतःचे, म्हणून भाडे नाही. कामाची वेळ पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, दुपारचे दोन तास सोडले तर. म्हणजे दोघींचे मिळून दिवसाला २२३ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी एका माणसाला दिवसाला ३१२ रुपये होती.

दुसरा हिशेब आम्ही घरी येऊन केला. महिन्याला ५६ जेवणे धरली तर मावशींचे एक ताट ४६ रुपयांना पडते. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली. दोन छोट्या चपात्या, एक मूद भात, भाजी आणि वरण. गरिबाने दहा रुपये द्यायचे. पण शहरात त्या थाळीची किंमत सरकारने पन्नास रुपये धरली आणि उरलेले चाळीस केंद्रचालकाला अनुदान म्हणून ठरवले. म्हणजे मावशींच्या ताटाच्या निम्म्याहून थोड्या जास्त अन्नाला त्या वर्षी सरकारच पन्नास रुपये किंमत मानत होते. मावशी आज ४६ रुपयांत पोटभर घालतात. त्यांना अनुदान कोण देते? त्यांचे गुडघे आणि त्यांची मुलगी.

स्वस्त जेवणाचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांच्या आजोबांचा पहिला प्रश्न जेवण केवढ्याला हा नसे. आत बसू देतील का, की बाहेर वेगळ्या कपात चहा ओततील, हा असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे चहा घेतला, त्याची आठवण अजून निघते ती याचसाठी. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना बायका घरी रांधून जेवू घालत आणि सावकाराच्या व्याजात बुडत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आले की खानावळवाली हीसुद्धा कामगारच आहे. पुढे १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. सरकारी पैसा थांबला आणि त्या टपऱ्यांवर दुसरेच पदार्थ तळले जाऊ लागले. शिवभोजनाचीही २०२५ मध्ये केंद्रचालकांची बिले महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या आपण वाचल्या. स्वस्त ताटाची उरलेली किंमत कोणीतरी भरत असतेच. सरकार भरेनासे झाले की चुलीपुढची बाई भरते.

आता नीतीचा प्रश्न. कोणी म्हणेल, मावशींनी स्वखुशीने भाव ठरवला, गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिला, यात अन्याय कुठला? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात योग्य किमतीचा विचार करताना एक बारीक भेद केला आहे. विकणाऱ्याचे स्वतःचे नुकसान होत असेल तर त्याने त्याची भरपाई किमतीत धरावी. पण घेणाऱ्याला गरज फार आहे म्हणून किंमत चढवू नये, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते विकायचे कसे? आम्ही हा धडा विद्यार्थी असताना पाठ केला होता. तो उलटा करून पाहायचे मात्र या वयात सुचले: विकणाऱ्याची अडचण घेणाऱ्याच्या मालकीची आहे का? मावशींना उद्याचा किराणा आणायचा आहे म्हणून त्या कमी भावाला 'हो' म्हणतात, तेव्हा तो कमी झालेला भाव आपण कशाच्या बळावर खिशात घालतो? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये मजुरीबद्दल हेच म्हटले होते, की केवळ दोघांनी मान्य केले म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी पत्करलेला करार हा मोकळ्या मनाचा करार नव्हे.

तर मग भाव वाढवा. दोघींना रोजगार हमीइतकी मजुरी पडायची तर महिन्याला आणखी सुमारे १२,००० रुपये लागतात. २२ जणांत वाटले तर माणशी साधारण ५५०. म्हणजे योग्य दर ३,१५०. हे आम्ही मोठ्या उत्साहाने मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, "फादर, लेकरं जेवतात ती. कुणाच्या ताटातून काढू?"

तेव्हा आम्ही त्या तरुणाशी बोललो. पगार ११,०००. खोलीचा वाटा १,५००, गावी ५,०००, मेस २,६००. उरतात १,९००, त्यात मोबाइल, बसभाडे, साबण, औषध. दर वाढला तर तो मेस सोडेल आणि वडापाववर जाईल, हे त्याने सरळ सांगितले. शिवभोजन दुपारी मिळते, तेव्हा तो भट्टीपाशी असतो. म्हणजे दोन गरीब एकमेकांसमोर उभे आहेत आणि एकाला न्याय दिला की दुसऱ्याचे पोट मारले जाते. असे कोडे पडले की सहसा आपण 'काय करणार, बाजारच तसा आहे' म्हणून उठतो. पण त्या २२ जणांत सगळेच असे नाहीत. सात-आठजण बँकेतले, शाळेतले, कंपनीच्या कार्यालयातले आहेत. तेही २,६००च देतात आणि शनिवारी मित्रांबरोबर ढाब्यावर एका रात्रीत त्याच्या निम्मे खर्च करतात. (यातले दोघे आपल्या गायनमंडळात आहेत. त्यांनी रागावू नये.) योग्य किंमत सर्वांसाठी एकच, ३,१५०, असे आम्हाला वाटते. ज्याला ती झेपते त्याने ती न देणे म्हणजे मावशींच्या खिशातून घेणे. ज्याला झेपत नाही त्याचे ५५० कोणी भरायचे हा प्रश्न खरा आहे, पण त्या एकट्या बाईने भरायचे, हे उत्तर नक्कीच नव्हे.

त्या ते भरत आहेत. महिन्याला १२,०००, वर्षाला १,४४,०००. चर्चच्या पोर्चमध्ये देणगीदारांची नावे कोरलेली फरशी आहे, ती आम्ही मुद्दाम जाऊन वाचली. एवढी रक्कम कोणाच्याही नावापुढे नाही.

इथपर्यंत आम्ही इतरांचा हिशेब मांडला. आता आमचा. गेल्या सणाला ३०० पानांचे जेवण आम्ही याच मावशींना सांगितले होते. त्यांनी ताटाला ११० रुपये सांगितले. आम्ही आणि पॅरिश कौन्सिलच्या दोघांनी बसून ते ९०वर आणले. वाचलेले ६,००० रुपये वार्षिक हिशेबात काटकसर म्हणून दाखवले, सभेत टाळ्या झाल्या. आमच्या मनाला तेव्हा काही टोचले नाही. ती वही पाहिली त्या दुपारी कळले की आम्ही त्यांचा जवळजवळ एक महिना घेतला होता. करिंथच्या मंडळीला संत पौलाने खडसावले ते याच गोष्टीसाठी: प्रभूच्या नावाने जमायचे आणि सधनांनी आधी जेवून घ्यायचे. अभ्यासक सांगतात, मागे राहणारे बहुधा मजूर आणि गुलाम होते, त्यांची सुटका उशिरा व्हायची. आमच्या सणाला तर रांधणारी बाई सर्वांत शेवटी जेवली, आणि तिच्याच पैशाने आम्ही जेवलो.

आम्ही ६,००० रुपये घेऊन गेलो. मावशींनी पाकिटाला हात लावला नाही. "देवाच्या कामाचं होतं ते, मी सेवा म्हणून केलं. आता परत देऊन माझी सेवा काढून घेता का?" आम्ही निरुत्तर झालो. दान म्हणजे ज्याला 'नाही' म्हणता आले असते अशा माणसाने दिलेले, अशी व्याख्या आम्ही वर्गात शिकवत आलो. फादर आणि कौन्सिलचे दोन पुरुष समोर बसलेले असताना ती विधवा 'नाही' म्हणू शकली असती का? आमच्या व्याख्येने ते दान नव्हते. पण ती स्वतः म्हणते की ते दान होते. तिच्या मनात काय होते हे तिच्यापेक्षा आम्हाला जास्त कळते असे म्हणणे, हा दुसरा अन्याय होईल. आणि ती म्हणते म्हणून पाकीट निमूट परत आणणे फारच सोयीचे आहे. पाकीट सध्या मिशनच्या कपाटात आहे. त्याचे काय करावे यावर सिस्टरांचे मत आमच्याहून वेगळे आहे. त्या म्हणतात, रोख देऊ नका, त्यांना मोठी शेगडी घेऊन द्या. कदाचित त्यांचेच बरोबर असेल.

यंदाच्या सणाचे जेवण पुन्हा मावशींकडेच सांगायचे, आणि भावाबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही, एवढे कौन्सिलने मान्य केले आहे. परवा आम्ही त्यांना दर विचारला. हसून म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तो." आम्ही म्हटले, यंदा आम्ही काही म्हणणार नाही, वही घेऊन मुलीबरोबर बसा आणि आकडा कळवा. त्या जरा गंभीर झाल्या. "बघते," म्हणाल्या. अजून त्यांचा निरोप आलेला नाही.

आपला प्रभूमधील,
प्रमुख धर्मगुरू