सुराला पाप लागते काय?

एखाद्या माणसाच्या हातून पाप घडते, हे आपण जाणतो. त्याच्या शब्दातून, विचारातूनही ते घडते. परंतु शब्दही नसलेला एखादा सूर स्वतःच पापी असू शकतो काय? प्रश्न विचित्र वाटेल. पण युरोपच्या अगदी उत्तर टोकाला एका संपूर्ण समाजाने या प्रश्नाचे उत्तर पिढ्यानपिढ्या आपल्या गळ्यावर झेलले आहे.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प या प्रदेशांत सामी लोक राहतात. रेनडिअरचे कळप आणि नदी-समुद्रातली मासेमारी हे त्यांचे परंपरागत जीवन. त्यांच्या गाण्याला योइक म्हणतात. सामी माणूस एखाद्याविषयी योइक गात नाही. तो त्या व्यक्तीलाच, त्या डोंगरालाच, त्या लांडग्यालाच योइकतो. त्यात शब्द थोडे, कधी मुळीच नसतात. दूर असलेल्या आप्ताला सुरातून जवळ आणणे, हेच त्याचे प्रयोजन.

सतराव्या-अठराव्या शतकांत तिथे आलेल्या ल्युथरपंथीय मिशनऱ्यांना हे गाणे आणि त्याबरोबरचा ढोल सैतानाचे वाटले. आंदेर्स पोल्सेन या वृद्ध सामीचा ढोल १६९१ साली जप्त झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर खटला चालला. तो ढोल सामी लोकांच्या मालकीचा होऊन कारासयोकच्या संग्रहालयात परत आला तो २०२२ साली. पुढे एकोणिसाव्या शतकात लार्स लेवी लेस्ताडियस या धर्मोपदेशकाने मोठी जागृती घडवून आणली. त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगितले पाहिजे, की दारूने पोखरलेल्या घरांना त्याने सावरले, आणि या चळवळीच्या प्रार्थनासभांतून सामी भाषा जिवंत राहिली. मात्र भाषेला जे स्थान मिळाले, ते योइकला मिळाले नाही. दारूच्या बैठकीत योइक गायला जाई. दारू पाप ठरली, तेव्हा योइकही पाप ठरला.

अशाच एका धर्मनिष्ठ घरात, फिनमार्क प्रांतातल्या एका नदीकाठी, १९५६ साली मारी बॉइने जन्मली. घरात स्तोत्रे होती. योइक वर्ज्य होता. शाळा नॉर्वेजियन भाषेतली. शिक्षिका होण्याचे शिक्षण घेता घेता तिला उमगले, की स्वतःच्या समाजाची लाज बाळगायला आपण शिकलो आहोत. त्या जाणिवेतून तिची गाणी जन्मली. १९८९ साली ‘गुला गुला’ ही तिची ध्वनिमुद्रिका आली. पूर्वज स्त्रियांचा आवाज ऐका, असे ती सांगते. तिच्या सुरांत योइकचा गाभा आहे. पण सोबत गिटार आहे, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली बासरी आहे, आणि जॅझचा मोकळा श्वास आहे. यान गारबारेक या ख्यातनाम सॅक्सोफोनवादकाच्या १९९३ च्या ध्वनिमुद्रिकेतही ती गायली.

येथे तिच्यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येऊ शकतो. जुने धर्मनिष्ठ म्हणतील, हे सैतानाचे गाणे. परंपरेचे अभिमानी म्हणतील, ही भेसळ. गंमत अशी, की दोघांचा मूळ समज एकच आहे: पावित्र्य म्हणजे परक्या स्पर्शापासून दूर राहणे.

पण जॅझ तरी काय आहे? गुलाम करून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या शेतातल्या हाका, त्यांची भक्तिगीते आणि युरोपीय वाद्ये यांच्या मीलनातून ते जन्मले. त्यालाही एके काळी सैतानाचे संगीत म्हटले गेले. आपला आवाज हिरावला गेलेल्यांनी परक्याच्या वाद्यातून आपला आवाज परत मिळवला, ही त्याची कथा. मग योइकला जॅझमध्ये घर सापडले, तर ती भेसळ कशी? ती दोन दुखावलेल्यांची ओळख आहे. शिवाय जॅझमध्ये प्रत्येक वादकाने त्या क्षणी स्वतःचे काही सांगायचे असते आणि दुसऱ्याचे ऐकायचेही असते. एकरूप होताना कोणी नाहीसे होत नाही.

तरीही प्रत्येक मिश्रण निर्दोष नसते. खरी कसोटी आहे ती ही: दोघे समान आसनावर बसले आहेत काय, की एक जण यजमान आणि दुसरा केवळ शोभेची वस्तू? १९९४ साली लिलेहामर येथील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात गाण्याचे आमंत्रण मारी बॉइने हिने नाकारले. आपल्या समाजाला केवळ सजावट म्हणून मिरवले जाते आहे, अशी तिची भावना होती. त्याच सोहळ्यात निल्स-आस्लाक वाल्केआपा हा थोर सामी कवी योइक गायला. योइकला जॅझच्या सोबतीला आधी नेले ते त्यानेच. एकाने नाकारले, एकाने स्वीकारले. मला यात विरोध दिसत नाही. तिच्या नकाराने सन्मानाची किंमत सांगितली. त्याच्या होकाराने दडपलेला सूर जगाच्या कानी घातला. सदसद्विवेकबुद्धी प्रामाणिक असली, तरी सर्वांना एकाच वाटेने नेत नाही.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने लग्नातल्या देशी गाण्यांवर आणि चालीरीतींवर बंदी घातली. पण त्याच गोव्यात, त्याआधी शंभरांहून अधिक वर्षे, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते: जवळजवळ ११ हजार ओव्या, या मातीच्याच छंदात. एकाच श्रद्धेच्या लोकांनी एकाच लोकगीताकडे पाहिले. एकाला त्यात धोका दिसला, दुसऱ्याला शुभवर्तमानाचे पात्र. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे म्हटले, तेव्हा स्टीफन्स यांचीच वाट अधिकृतपणे मान्य झाली.

म्हणून मला वाटते, सुराला पाप लागत नाही. पाप लागते ते त्याच्या वापराला: सुराने कोणाला हिणवले, कोणाला भुलवले, तर. आणि तितकेच पाप दुसऱ्याचा सूर न ऐकताच त्याला दोषी ठरवण्यातही आहे. नॉर्वेच्या राजाने १९९७ साली सामी समाजावरील अन्यायाबद्दल क्षमा मागितली. संसदेने २०२४ साली. ही शब्दांची भरपाई आवश्यकच होती.

पण १९९१ सालची एक घटना मला अधिक बोलकी वाटते. त्या वर्षी मारी बॉइने हिने दोन नॉर्वेजियन गायकांसह चर्चच्या स्तोत्रांची ध्वनिमुद्रिका केली. घरच्या वाटेवरची स्तोत्रे, असा तिच्या नावाचा अर्थ. ज्या स्तोत्रांच्या नावाने तिचे गाणे निषिद्ध ठरले होते, त्यांना तिने टाकून दिले नाही. ती त्यांना आपल्या आवाजात घेऊन आली. क्षमा मागणाऱ्यांच्या कितीतरी आधी तिने समेट सुरू केला होता. आपल्या घरातल्या, आपल्या धर्मग्रामातल्या ज्या आवाजांना आपण अजून आत घेतलेले नाही, ते कोणते, याचा विचार आता आपण करायचा आहे.