दोन्ही चालू ठेवण्याचे दिवस

गेल्या काही वर्षांत जगभरातल्या जावा प्रोग्रामरांनी एकच शब्द बदलण्याचं काम केलं आहे. फायलींच्या वरच्या ओळींमध्ये जिथे 'जावाएक्स' होतं, तिथे 'जकार्ता' लिहायचं. सगळीकडे नाही, काही नावं जुनीच राहतात, आणि कुठली राहतात हे लक्षात ठेवावं लागतं. मीही हे काम केलं आहे, अलिबाग तालुक्यातल्या घरी बसून, एका जुन्या वेब अॅप्लिकेशनसाठी.

हा शब्द का बदलला, त्याची गोष्ट तांत्रिक नाहीच. मोठ्या कंपन्यांची जावा अॅप्लिकेशन्स ज्या प्रमाणित चौकटीवर उभी असतात, ती चौकट ओरॅकलने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं. कोड दिला, पण 'जावा' या नावाची मालकी स्वतःकडे ठेवली. २०१९ मध्ये स्पष्ट झालं की 'जावाएक्स' या नावाखाली यापुढे काही बदल करता येणार नाहीत. मग २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये नावंच बदलली. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं. त्याला नवी नावंही हवीत आणि किमान जावा १७ ही. वर्षभरात आधीच्या २.७ ला मिळणारा मोफत आधार संपला.

म्हणजे मालकीचा प्रश्न एका खंडातला, आणि त्यापायी कोड उघडून बसलेली माणसं सगळ्या जगात. मला यात राग धरण्यासारखं फारसं वाटत नाही. पण एक प्रश्न पडतो. आपण न घेतलेल्या निर्णयामुळे आपल्याला एखादी गोष्ट बदलावी लागते, आणि त्या बदलाचा परिणाम आपल्यालाही न भेटलेल्या माणसांवर होतो. त्या माणसांचं आपण काय देणं लागतो?

पहिलं उत्तर सुचतं ते सोपं: बदलूच नका. चाललंय ना, चालू द्या. हे उत्तर प्रेमळ वाटतं, पण त्याचीही किंमत कुणीतरी मोजतं. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधलं एक मोठं भोक जाहीर झालं आणि त्याच वेळी त्याची दुरुस्तीही मिळाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या कंपनीच्या एका पोर्टलवर ती दुरुस्ती बसवली गेली नाही. मे महिन्यापासून चोर त्या भोकातून आत होते. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. इक्विफॅक्स लोकांच्या कर्जफेडीचा इतिहास साठवते. त्यातल्या बहुतेकांनी ही कंपनी कधी निवडलीच नव्हती. फ्रेमवर्कचं नाव त्यांनी ऐकलेलं असण्याचा प्रश्नच नाही. जुनं तसंच ठेवणं हाही त्यांच्या वतीने कुणीतरी घेतलेला निर्णय होता.

तेव्हा बदलायचं, हे ठरलं. प्रश्न उरतो तो कसं बदलायचं याचा.

अशा वेळी तत्त्वज्ञानाच्या वर्गात थीसियसचं जहाज हमखास येतं. फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? आमच्या किनाऱ्यावर जुन्या होडीच्या फळ्या बदलणाऱ्या सुताराला हा प्रश्न विचारून बघा. होडी कुणाच्या नावावर आहे, हे तो तुम्हाला विचारेल. मला त्याचं म्हणणं पटतं. लाकूड तेच आहे का यापेक्षा, होडीवर ज्यांचं पोट आहे त्यांच्यासाठी ती तीच राहिली का, हे महत्त्वाचं. आणि ते आपोआप राहत नाही, कुणीतरी राखावं लागतं.

ते कसं राखतात याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण अलिबाग गावातच आहे, आणि त्याचा संगणकाशी काही संबंध नाही.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होऊ लागल्या, दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईला विजेच्या ट्रामचे वेध लागले. ट्रामसाठी वाहणाऱ्या विजेमुळे चुंबकीय उपकरणांच्या नोंदी बिघडणार, हे उघड होतं. शहर ट्राम सोडणार नव्हतं, त्यामुळे जागा वेधशाळेनेच सोडायची होती. त्या वेळी तिचे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस होते. या पदावरचे ते पहिले भारतीय. नवी जागा ठरली ती समुद्रापलीकडे साधारण ३० किलोमीटरवरचं अलिबाग. लोखंडाचा स्पर्श टाळून, पोरबंदरच्या चुंबकीय नसलेल्या दगडात इमारत बांधली, आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या.

आता, उपकरणं सुरू झाली, मग कुलाब्याचं कुलूप लावायला काय हरकत होती? मूस यांनी ते लावलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी नोंदी होत राहिल्या. कारण चुंबकीय क्षेत्र कुलाब्याला जेवढं, नेमकं तेवढंच अलिबागला नसतं. एके दिवशी इथलं थांबवून दुसऱ्या दिवशी तिथलं सुरू केलं असतं, तर आकड्यांत जी उडी दिसली असती ती पृथ्वीची की जागेची, हे पुढे कुणालाच सांगता आलं नसतं. दोन्हीकडे एकाच वेळी मोजल्यामुळे दोन जागांतला फरक कळला. जुनी साखळी नव्या साखळीत नीट अडकवता आली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती मे १९०७ मध्ये.

त्या साखळीचा उपयोग कुणाला झाला? सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्याकडून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. कुलाब्याच्या नोंदीत त्या वेळी सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण आहे. २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून त्या जुन्या नोंदींवरून वादळाची ताकद नव्याने मांडली. आज उपग्रह आणि वीजजाळी सांभाळणाऱ्यांना अशा वादळाची धास्ती असते, म्हणून त्या कागदांना मोल आहे. मूस यांच्या काळात उपग्रह नव्हते. कोण, कधी, काय विचारायला येईल हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. तरी येणाऱ्याला तुटलेली साखळी हाती पडू नये, एवढं त्यांनी पाहिलं.

आता आमच्या छोट्या कामाकडे येतो. ते अॅप्लिकेशन बर्फाच्या हिशेबाचं होतं. बोटी समुद्रात जाण्याआधी बर्फ भरतात. किती लाद्या फोडल्या, कुठल्या बोटीत गेल्या, कुणी भरल्या, याची नोंद कारखान्याच्या गेटवरच्या टॅबलेटवर होते. हमाली लादीमागे असते. म्हणजे नोंदीतला एक आकडा हा कुणाच्यातरी त्या रात्रीच्या कमाईचा आकडा असतो.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या, कारखाना जवळपास थंड. साहजिकच मालकांचं म्हणणं आलं, "बंदीत उरकून घ्या ना, तेव्हा आम्हीही मोकळे, तुम्हीही मोकळे." यात शहाणपण होतं. काही बिघडलं तरी नुकसान नाही. पण त्याच कारणाने काही बिघडलंय हे कळणारही नाही. नवं अॅप्लिकेशन बंदीत बसवून 'सगळं व्यवस्थित' म्हणणं, म्हणजे ओढलेल्या होडीत पाणी येत नाही म्हणून ती मजबूत आहे असं म्हणणं.

म्हणून नवं बंदीत उभं केलं, पण जुनं बंद केलं नाही. टॅबलेटवरून येणारी प्रत्येक नोंद जुन्याकडे जायची, तिची एक प्रत नव्याकडेही, आणि दोघांची उत्तरं ताडून बघायची. जून-जुलैत फरक शून्य. जुलै संपताना साहजिकच विचारणा झाली की दोन सर्व्हरचं भाडं आणि दोन माणसांचे तास किती दिवस घालवायचे, दोन महिन्यांत सापडलं काय? प्रश्न रास्त होता. उत्तर एवढंच होतं की अजून बोटी गेलेल्या नाहीत. ऑगस्टअखेरपर्यंत दोन्ही चालवायचं ठरलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या रात्री फरक दिसायला लागला. गर्दी वाढली की कारखान्याचं मागचं गेटही उघडतात; तिथला टॅबलेट जुना. तो नोंद पाठवताना पत्त्याच्या शेवटी एक जादा तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश लावायचा. जुनं फ्रेमवर्क त्या रेघेकडे काणाडोळा करत होतं. स्प्रिंगच्या सहाव्या आवृत्तीपासून ते आपणहून तसं करत नाही. असा पत्ताच नाही, म्हणून सांगतं. आणि तो टॅबलेट उत्तर न वाचताच हिरवी खूण दाखवायचा. जुनं आधीच बंद केलेलं असतं, तर मागच्या गेटवर रात्रभर हिरव्या खुणा दिसल्या असत्या, आणि आठवड्याच्या हिशेबात त्या गेटवरच्या हमालांच्या लाद्या नसत्या. मग मुकादम आणि हमाल यांच्यात शब्दाला शब्द लागला असता. त्या भांडणात जावाचं नाव कुणी घेतलं नसतं.

दोष कुणाचा? फ्रेमवर्कवाल्यांचा म्हणता येत नाही. एकाच पानाचे दोन पत्ते चालू ठेवले, की सुरक्षेचा नियम एकाला लागतो आणि दुसऱ्याला सुटतो, अशी भोकं पडतात. त्यांनी हे बंद केलं त्याला कारण होतं, आणि त्यांनी ते कळवलंही होतं.

पण 'कळवलं होतं' या शब्दांपाशी मी थांबतो. अलिबागच्या आसपास जमिनीचे व्यवहार सतत होतात आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटिसा येतात: अमुक गटातली जमीन आमच्या अशिलाने घेण्याचे ठरवले आहे, कुणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी. नोटीस देणाऱ्याचं कायद्यातलं काम तिथे होतं. ज्याची हरकत असू शकेल ती म्हातारी कदाचित वर्तमानपत्र वाचत नाही. नोटीस दिली हे खरं, ती पोचली का हा वेगळा प्रश्न. फ्रेमवर्कची सूचना माझ्यापर्यंत येऊन थांबते. तिथून पुढे हमालापर्यंत तिचा अर्थ नेणारा शेवटचा माणूस मीच असतो, कारण दोन्ही टोकं बघू शकणारा दुसरा कुणी नसतो. माझ्या मते नैतिक जबाबदारी इथे जन्मते. चूक कुणाची याच्याशी तिचा फार संबंध नाही. कुणाला दिसू शकतं, याच्याशी आहे.

यावर एक खरा आक्षेप आहे. असं प्रत्येकाचं बघत बसलो, तर काहीच बदलता येणार नाही. प्रोग्रामरांमध्ये हायरम राइट या इंजिनिअरच्या नावाने एक नियम सांगतात: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या प्रणालीच्या प्रत्येक दिसणाऱ्या सवयीवर कुणी ना कुणी विसंबलेला असतो, तुम्ही तसं वचन दिलेलं असो वा नसो. जावाच्या सोळाव्या आवृत्तीत ब्रिटिश इंग्रजीतला सप्टेंबरचा संक्षेप तीन अक्षरांवरून चार अक्षरांवर गेला. तीनच अक्षरं धरून तारखा वाचणारे प्रोग्राम अकरा महिने ठीक आणि सप्टेंबरमध्ये बंद. भाषेचा तपशील सुधारणाऱ्याने असा किती जणांचा विचार करावा?

सगळ्यांचा करता येत नाही, हे मान्य. म्हणून 'जुनं कायम ठेवा' ही मागणी मी करत नाही. मूस यांनीही कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी कायम चालू ठेवल्या नाहीत. दोन वर्षांनी थांबवल्या. माझी मागणी छोटी आहे. जुनं मिटवण्याआधी काही काळ दोन्ही शेजारी चालू ठेवा, आणि तो काळ असा निवडा की ज्यात खरे लोक ते खरोखर वापरत असतील. त्याचा खर्च आपण उचलायचा, कारण नाहीतर तो खर्च वाचत नाही. फक्त जो बोलू शकत नाही त्याच्या खात्यात जातो.

हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९८१ पर्यंत रायगडचं नाव कुलाबा जिल्हा होतं. मूस यांची वेधशाळा खरं तर एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात आली होती. नाव बदललं, पण आजोबांच्या खरेदीखतावर 'जिल्हा कुलाबा' लिहिलंय म्हणून जमीन परकी झाली नाही. नवं नाव लागलं आणि जुन्या कागदाचा अर्थही शाबूत राहिला.

बर्फाचं जुनं अॅप्लिकेशन ऑगस्टअखेरीस बंद झालं. मागच्या गेटसाठी नव्या कोडमध्ये तीन ओळी घातल्या आहेत. शेवटच्या रेघेसकट आलेली नोंद त्या स्वीकारतात. त्यांच्या वर शेरा आहे: ही सोय कुणासाठी, का, आणि तो टॅबलेट बदलला की ओळी काढून टाकाव्यात. पुढचं स्थलांतर कदाचित दुसरंच कुणी करेल. त्या तीन ओळी निरुपयोगी दिसल्या तर पुसण्याआधी त्याने गेटवर एक फोन करावा, म्हणून शेऱ्यात 'मागचं गेट, फक्त हंगामात उघडतं' असंही लिहून ठेवलं आहे.