दोनशे वॅट कशाला?

घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घेतला तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं होतं, "दहा बाय बाराच्या खोलीत दोनशे वॅट कशाला रे?"

माझं उत्तर तयार होतं. माझ्या स्पीकरला १ वॅट दिला की एका मीटरवर ८८ डेसिबल आवाज येतो. रोजच्या ऐकण्याला तेवढाही लागत नाही. पण ड्रमचा एखादा ठोका सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे १०० पट ताकद. तो एक क्षण न फाटता वाजावा म्हणून बाकीचे वॅट. ते फक्त राखीव असतात.

काकांनी कानाचं मशीन नीट बसवलं आणि म्हणाले, "बरं."

मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर जे बिघडवतो ते मागचं व्हर्जन टाकून दुरुस्त होतं. इथे तसं नव्हतं. तापकीर गल्लीतून ३५-०-३५ चा ट्रान्सफॉर्मर आणला. त्यातून डीसी निघतो साधारण अधिक-उणे ४९ व्होल्ट. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात, म्हणून आधी रेझिस्टर लावून ते रिकामे करायचे आणि मगच हात घालायचा. पहिल्यांदा चालू करताना मेनला सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे कुठेतरी शॉर्ट. एका ट्रान्झिस्टरखालचा मायका फाटला होता. तो बदलला. मग स्पीकरकडे डीसी गेला तर तोडणारा रिले बसवला, हीटसिंक तापली तर बंद करणारा थर्मल स्विच बसवला.

आता वाटतं, हे सगळं संरक्षण कोणाचं होतं? माझं, ट्रान्झिस्टरचं, स्पीकरचं. ऐकणाऱ्याच्या कानासाठी मी काहीच लावलं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत मंडळाची पोरं आली. "दादा, एक अ‍ॅम्प कमी पडतोय." मी दिला. नाही कशाला म्हणू? माझी वस्तू टेम्पोवर वाजणार याचा अभिमानच होता. एकूण सेटअप साधारण २,००० वॅटचा, त्यात माझे २००. मीही नाचलो. वर पाहिलं तर काका खिडकीत उभे होते. मला बघून त्यांनी कानातलं मशीन काढून दाखवलं आणि हसले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. म्हणाले, "मला बरं आहे, मशीन काढलं की झालं. तुम्ही पोरं काय काढणार?"

मी घरी येऊन हिशेब केला. खरं सांगायचं तर सुटकेसाठी केला. २,००० तून २०० वजा केले तर आवाज कमी होतो जेमतेम अर्धा डेसिबल. साधारण एक डेसिबलच्या आतला फरक माणसाला सहसा कळत नाही. म्हणजे माझा अ‍ॅम्प नसता तरी कोणाला समजलं नसतं. मी निर्दोष!

पण टेम्पोवरच्या दहाही अ‍ॅम्पच्या मालकांना हाच हिशेब लागू होता. दहाही जण निर्दोष, आणि खिडक्यांच्या काचा थरथरतायत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण मीटर एकूण आवाज मोजतो. त्यात माझा किती, हे तो सांगत नाही.

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाच्या १९८४ सालच्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात असंच एक कोडं आहे. हजार छळ करणारे आणि हजार बळी. प्रत्येक जण एक बटण दाबतो, आणि त्यानं प्रत्येक बळीची वेदना इतकी कमी वाढते की ती जाणवतही नाही. सगळ्यांनी बटण दाबलं की छळ मात्र पूर्ण होतो. मग दोष कोणाचा? पारफिटचं म्हणणं असं, की 'माझ्या एकट्यानं काय फरक पडतो' हा प्रश्नच अपुरा आहे. आपण सगळे मिळून काय करतोय, हेही विचारायला हवं.

हे मला पटलं, पण डोक्यानं. मनात उतरलं ते काकांमुळे. त्यांनी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढली. मी विचारलं, "काका, ऐकू येणं कमी झालंय हे कधी कळलं?"

"तसा दिवसच नाही रे. रोज कालच्याएवढंच ऐकू यायचं. मग एकदा घरचे म्हणाले, टीव्ही केवढा मोठा लावता."

तीस वर्षांतल्या कुठल्याच एका दिवसानं त्यांचे कान घेतले नाहीत. प्रत्येक दिवसाला म्हणता आलं असतं, माझ्यामुळे काय झालं? आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. तिथेही मागचं व्हर्जन नाही.

पुढच्या वर्षी पोरं आली तेव्हा नाही म्हटलं. कारण सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. एक जण म्हणाला, "दादा, आम्ही भाड्यानं आणू. फरक काय पडणार?" त्याचं बरोबर होतं. त्यांनी आणलाच. आवाज तेवढाच होता, काकांनी मशीन तसंच काढलं.

मी घरी होतो. समोर माझा अ‍ॅम्प बंद होता. रस्त्यावर जे चाललं होतं त्यावर माझ्या नकाराचा अर्ध्या डेसिबलचाही परिणाम झाला नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी ते २०० वॅट त्यात नाहीत, हेही ठाऊक होतं. नुसतं नाही म्हणणं पुरेसं नाही, हे उघड आहे. उरलेल्या नऊ जणांशी बोलायला हवं, आणि ते काम सोल्डरिंगपेक्षा अवघड आहे. अजून मी दोघांशीच बोललोय.