करुणा शिकवितां येते काय ?

वाट चुकलेल्या मुलांस सांवरणें हें कळवळ्याचें काम. तें विद्यालयांत कसें शिकवावें, असा आक्षेप आम्ही पुष्कळदां ऐकतों. मुंबई इलाख्यांत मुलांचा कायदा १९२४ सालीं झाला. समाजकार्य शिकविणारी टाटांची संस्था मुंबईंत १९३६ सालीं निघाली. कायदा आधीं आला, माणसें घडविण्याची ही सोय बारा वर्षांनीं.

कळवळा उपजत असेल. पण मुलाच्या चोरीमागें उपास आहे कीं घरचा मार, हें ओळखण्यास अभ्यास लागतो. न शिकलेली दया आम्हींही करून पाहिली आहे : मुलाला आधीं कुरवाळलें, आणि त्यानें पुन्हां चोरी करतांच रागावून सोडलें. शिक्षणानें दया उत्पन्न होत नाहीं, पण ती टिकते. आणि अनेकांनीं टाकलेल्या मुलाला टिकणारें माणूसच हवें असतें.