जीर्णोद्धार आणि भेसळ

जुन्या वस्तूची डागडुजी करणाऱ्याने हात कोठे आवरावा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा बिघडलेला पाठ शुद्ध केला, आणि पुढील लोकांस बजावून ठेवले की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. स्वतः समर्थ कवी असलेल्या पुरुषाने हा संयम पाळावा, यात त्या कार्याचे सारे नीतिशास्त्र आले. मळ काढावा, भर घालू नये. तोच प्रश्न आज जुन्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणांविषयी उभा राहिला आहे. मात्र येथे मळ कोणता आणि मूळ कोणते, हे ठरविणे पोथीपेक्षाही कठीण आहे.

सिडकोची स्थापना १९७० सालची. तेव्हा वाशी-नेरूळच्या घरांतून आज ऐकू येणारी कितीतरी जुनी गाणी त्या नगराहून वयाने वडील आहेत. गिरगाव-दादरची बिऱ्हाडे मोडून खाडीपलीकडे आलेल्या कुटुंबांपैकी काहींनी तबकड्या सोबत आणल्या, पण त्या वाजविण्याचे यंत्र फारच थोड्या घरांत चालू राहिले. त्यामुळे ‘रीमास्टर’ म्हणून नव्याने काढलेली आवृत्ती हीच तरुण पिढीस ठाऊक असलेली एकमेव आवृत्ती होऊन बसली आहे. नातवाला तीत शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येतो. आजोबांना वाटते, हे ते गाणे नव्हे. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, आणि पेच आहे तो तेथेच.

लाखेची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. सुईच्या घर्षणाची खरखर आता यंत्राने काढता येते. परंतु ही खरखर ज्या उंच कंपनांच्या प्रदेशात नांदते, त्याच प्रदेशात ‘स’, ‘श’ यांचे उच्चार, गायकाचा निःश्वास आणि तंबोऱ्याच्या जव्हारीची झळाळी यांचीही वस्ती असते. हात किंचित जड पडला की खरखरीबरोबर श्वासही जातो, आणि उरतो तो गुळगुळीत, निर्जीव आवाज. वेगाचेही तसेच. तबकडीवर ७८ छापलेले असले तरी मूळ मुद्रण नेमक्या त्याच वेगाने झाले असेल, असे नाही. आणि सुमारे साडेचार फेऱ्यांचा फरक पडला तर गायकाचा सूर पेटीवर एक पट्टी सरकतो. म्हणजे ज्याने हातही लावला नाही असे मानायचे, त्यानेही काही तरी निवड केलेलीच असते. निव्वळ ‘मूळ’ असे काही आपल्या हाती येत नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

तथापि सर्व निवडी सारख्या नव्हेत. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील खेमचंद प्रकाश यांचे ते प्रसिद्ध गीत घ्या. ध्वनी दुरून जवळ येतो असा भास व्हावा, म्हणून लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत यावे लागले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्या गीतातील अंतर हे लेखणीने नव्हे, पावलांनी रचलेले आहे. आता एखाद्या कुशल तंत्रज्ञाने ‘आरंभी आवाज क्षीण आहे’ असे समजून तो सर्वत्र सारखा केला, तर त्याने दोष काढला की रचना मोडली? ‘कुंकू’ (१९३७) मध्ये केशवराव भोळे यांनी पार्श्ववाद्ये टाळून नित्याच्या आवाजांवरच भिस्त ठेवली. तेथील शांतता ही उणीव नसून योजना आहे. जी गोष्ट आपल्याला रिकामी दिसते ती भरून काढण्याची घाई हा अडाणीपणाच होय. मूळ गाण्यावर नवा ताल चढवून ‘झंकार बीट्स’ या नावाने विकलेल्या ध्वनिफिती याच घाईच्या कन्या. (त्या आवडीने ऐकणारे पुष्कळ होते, हेही खरे, लोकप्रियता हा काही या खटल्यातील साक्षीदार नव्हे.)

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे सोडून देता येत नाही. पुण्यात पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील कोठारास २००३ च्या जानेवारीत आग लागली आणि नायट्रेटवरील जुने चित्रपट जळून गेले. जे कोणी खटपट करून जुना आवाज नव्या साधनांत उतरवितात, त्यांच्याविना यातले बरेच ऐकायलाच उरले नसते. शिवाय जे ऐकले जात नाही ते जिवंत नाही. हे सारे मान्य. प्रश्न फक्त एवढाच, की नव्या पिढीस जे दिले ते काय म्हणून दिले.

कारण सारी मेख वेष्टनावरील अक्षरांत आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग समजून मुखोद्गत केले. त्यात आठवल्यांचे नाव तेवढे मागे पडले; तुकोबांचे काही बिघडले नाही, कारण पद त्यांना शोभण्याजोगे होते. ‘महल’च्या तबकडीवर तर गायिका म्हणून पात्राचे नाव छापले होते, श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केल्यावर खरे नाव पुढे आले. पण हल्लीच्या भेसळीत व्यवहार उलटा असतो: नाव मृत गायकाचे आणि करणी दुसऱ्याची. दिवंगत मनुष्य ‘हे माझे नव्हे’ असे म्हणू शकत नाही.

‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे पार्श्वसंगीत नव्याने वाजवून घेण्यात आले. परंतु नौशाद तेव्हा हयात होते आणि त्या कामात सहभागी होते. त्या बदलाची प्रत मूळ रचनाकाराच्या हातून गेलेली आहे. मात्र त्याच चित्रपटासाठी गायलेले बडे गुलाम अलीखाँ १९६८ सालीच निवर्तले होते. संगीतकाराची संमती गायकास बांधील धरावी काय? आमच्या मते रचनेपुरती धरावी, कंठापुरती नव्हे.

कायद्याने ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. गीत आणि चाल यांचा हिशोब निराळा. तेव्हा १९४९ च्या तबकडीवरील मुद्रणास आज राखणदार नाही. अशा वेळी पुण्याच्या भांडारकर संस्थेचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे १९१९ साली आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. संपादकांनी पाठ निवडला, पण नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी छापून ठेवले, म्हणजे न पटणाऱ्यास आपला निर्णय करता यावा. ध्वनीच्या बाबतीत हे अधिकच सोपे आहे. दुरुस्त केलेल्या गीताशेजारी न पुसलेली प्रत ठेवावी. कोणत्या तबकडीवरून, किती वेगाने उतरविले, काय काढले, काय घातले, एवढे चार ओळींत सांगावे. खर्च नगण्य आहे. अडचण आहे ती एवढीच, की मग विकत घेणाऱ्यास दोन्ही ऐकून पाहता येतात.

आणि तुलनेस लागणारी ती न पुसलेली प्रत पुष्कळदा कोणत्याही संग्रहालयात नसते. घर बदलताना, पुनर्बांधणीसाठी इमारत रिकामी करताना, तबकड्यांची पेटी माळ्यावरून खाली येते; सारे आता फोनवर मिळते, असे कोणी तरी म्हणते, आणि पेटी रद्दीवाल्याच्या तराजूत वजनावर जाते.